सहल सर्वांना परवडावी म्हणून

'परवडणे' हा व्यापारी घरातला रोजचा शब्द आहे. भाव परवडत नाही, भाडे परवडत नाही, उधारी परवडत नाही, असे दिवसातून दहा वेळा आपल्या कानांवर पडते. बँकेत मी पस्तीस वर्षे हाच शब्द दुसऱ्या वेषात पाहिला. कर्जदाराची परतफेडीची क्षमता म्हणजे त्याला कर्ज परवडते की नाही, याचेच उत्तर होय. परंतु मुलाबाळांच्या सहलीचा विषय निघाला की हा शब्द एकाएकी लहान होतो आणि केवळ तिकिटाच्या दरापुरता उरतो. माझ्या मते, जी सहल घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या पायांना आणि सर्वांत आखूड हात असलेल्या बिऱ्हाडाच्या खिशाला झेपते, तीच सहल परवडली असे म्हणावे.

आमचे घर एटापल्लीचे. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, त्याच्याही आधीपासून आमचे दुकान येथे आहे. थोरले बंधू आता नाहीत. त्यांचे दोन मुलगे, एक कापडाचे आणि एक किराण्याचे, अशी दोन दुकाने सांभाळतात. माझ्या मुलाचे औषधांचे दुकान आलापल्लीस आहे. तीन बिऱ्हाडांत मिळून तीन ते अकरा वर्षांची सहा नातवंडे आहेत. घरात वडीलकीचा मान वहिनींचा; त्यांचे वय शहात्तर.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत या सहा जणांनी मोबाइलवर हैदराबादच्या एका मनोरंजन उद्यानाची चित्रफीत पाहिली आणि घरात दुसरा विषय उरला नाही. माझा मुलगा व थोरला पुतण्या लगेच तयार झाले. धाकटा पुतण्या मात्र हिशेबाच्या वहीवरून मान वर न करता म्हणाला, "काका, यंदा तुम्ही सर्व जाऊन या. आमचे पुढच्या वर्षी पाहू." त्या वर्षी तेंदूपत्त्याचा हंगाम हलका गेला होता. आमच्या भागात तेंदूची मजुरी हातात आली की बाजार हलतो आणि ती घटली की किराण्याची उधारी अडकते, हे मला ठाऊक होते. त्याची अकरा वर्षांची मुलगी दाराशी उभी राहून हे ऐकत होती. ती काहीच बोलली नाही, आणि तेच मला अधिक लागले.

वहिनींनी विषय तेथेच संपवला. म्हणाल्या, "भाऊजी, एक जरी पोर मागे राहिले तर ती सहल कसली? जायचे तर सगळ्यांनी, नाही तर कोणीच नाही."

सर्वांचा खर्च मी उचलावा, असाही एक सोपा मार्ग होता. निवृत्तिवेतनातून ते अशक्य नव्हते. परंतु स्वाभिमानी माणसाला फुकट नेणे म्हणजे त्याला प्रवासभर ओझे वाहायला लावणे होय. म्हणून सहल एक वर्ष पुढे ढकलली आणि वहिनींच्या नावे बारा महिन्यांचे आवर्ती ठेव खाते उघडले. ज्येष्ठ नागरिकांना बहुतेक बँका अर्धा टक्का व्याज अधिक देतात, हा त्यातला छोटासा लाभ. प्रत्येक बिऱ्हाडाने महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या ऐपतीप्रमाणे रक्कम बंद पाकिटात वहिनींकडे द्यावी, असे ठरले. कोणाच्या पाकिटात किती, हे एकट्या वहिनींना ठाऊक. आधी दोन-तीन महिन्यांची पाकिटे पाहून त्यांनी खात्याचा मासिक हप्ता ठरवला. वर उरलेले त्यांच्या कपाटात राहिले, आणि एखाद्या महिन्यात कमी पडले तर तेथूनच भरले गेले. मी बँकेचा माणूस असूनही मला केवळ एकूण रक्कम कळत असे. गुप्तदान आपण मंदिरात जाणतो. घरातही ते तितकेच शोभते, असे मला त्या वर्षी वाटले. मुलांनीही आपापल्या गल्ल्यातून नाणी घातली. वर्षभर थांबल्याने व्याज मिळाले आणि नातवंडांची उंचीही वाढली. या उंचीचे महत्त्व पुढे येईलच.

उद्यान कोणते, हा पुढचा प्रश्न. आपल्या राज्यात मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि एका पिढीला त्याने वेड लावले. पुढे २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका आले. परंतु एटापल्लीहून मुंबई-पुणे म्हणजे राज्याचे दुसरे टोक. लहान मुलांना घेऊन एवढा प्रवास केल्यास दोन दिवस जाण्यायेण्यातच संपतात. नागपूरला गोरेवाड्याचे प्राणिउद्यान आणि रमण विज्ञान केंद्र आहे. पण ती दोन्ही मुलांनी पाहिलेली होती. हैदराबादला १९९६ पासून रामोजी फिल्म सिटी आहे आणि २०१६ पासून वंडरला आहे. बल्लारशाहहून काझीपेटमार्गे सिकंदराबाद गाठायला रेल्वेने सहा-सात तास लागतात. नकाशा पाहिला तर आम्हा दक्षिण गडचिरोलीकरांना मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळचे. भाषेचीही अडचण नाही, कारण सिरोंचा-अहेरीकडे तेलुगू घरोघरी कळते.

आता तिकिटाविषयी थोडे. आपल्या जत्रेत आकाशपाळण्याचे पैसे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे. जेवढे बसाल तेवढे द्याल. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडले तेव्हा तेथेही अशीच रीत होती. दाराशी प्रवेशमूल्य आणि आत प्रत्येक खेळाचे वेगळे तिकीट. एकाच तिकिटात सर्व खेळ ही पद्धत त्यांनी १९८२ साली सर्वांसाठी रूढ केली, आणि आज आपल्याकडची मोठी उद्यानेही तशीच चालतात. ही रीत धडधाकट तरुणाच्या फायद्याची आहे. तो सकाळी शिरतो आणि संध्याकाळपर्यंत पंचवीस खेळ खेळून पैसे वसूल करतो. चार वर्षांचे मूल दुपारी दोन वाजता खांद्यावर झोपी जाते. शिवाय मोठ्या पाळण्यांना सुरक्षिततेसाठी किमान उंचीची अट असते. म्हणजे लहानग्याला मिळणारे खेळ मोजके, बसण्याचा काळ थोडा, आणि त्याच्याबरोबर बाहेर थांबणाऱ्या आजी-आजोबांचे तिकीट मात्र बहुधा लागतेच. ज्या मालाचा चौथा हिस्साच वापरात येणार, तो पूर्ण भावाने घ्यावा का, हा प्रश्न कोणत्याही दुकानदाराला सहज समजेल.

वंडरलासारख्या उद्यानांत मुलांचे तिकीट वयावर नव्हे तर उंचीवर ठरते. म्हणून आम्ही घरी चौकटीवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि उद्यानाच्या कार्यालयाला दूरध्वनी करून कोणत्या खेळास किती उंची लागते ते उतरवून घेतले. अकरा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू, हे दोघेच बहुतेक खेळांस पात्र ठरत होते. सात, सहा, चार आणि तीन वर्षांची चौघे नव्हती. हे घरीच कळल्यामुळे दाराशी होणारी रडारड टळली. मग आम्ही ठरवले की मोठे दोघे दोन पालकांसह उद्यानात जातील, आणि त्याच दिवशी लहान चौघे आम्हा उरलेल्यांबरोबर नेहरू प्राणिसंग्रहालयात. ही वाटणी बिऱ्हाडांची नव्हती, उंचीची होती. दोन मोठ्यांपैकी एक धाकट्या पुतण्याची मुलगी, दुसरा थोरल्याचा मुलगा. कोणाला काही कमी-जास्त मिळाल्याचा प्रश्नच उरला नाही.

त्याआधी एक रंगीत तालीम केली. हिवाळ्यात एका शनिवारी सर्व मुलांना घेऊन निघालो. वाटेत कमलापूरचा हत्तीकॅम्प पाहिला. शासनाचा असा कॅम्प राज्यात हा एकच. (हत्तींच्या पायांना वनौषधींचा लेप देण्यासाठी दर हिवाळ्यात तो काही दिवस बंद असतो, म्हणून आधी चौकशी करून जावे.) रात्री सिरोंच्यास नातेवाइकांकडे राहून दुसऱ्या दिवशी वडधमचे जीवाश्म उद्यान पाहिले. झाडांचे दगड झालेले बुंधे तेथे पडले आहेत. सहा वर्षांच्या नातवाने एका बुंध्यावर हात फिरवून विचारले, "आजोबा, हा दगड आधी हिरवा होता?" एवढ्या एका प्रश्नाने जाण्यायेण्याचा खर्च वसूल झाला.

तेथून जवळच, प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. व्यापारी मंडळींना कोटा म्हटले की राजस्थान आठवते, पण भूगर्भशास्त्रज्ञांना हे लहानसे गाव आठवते. डायनोसॉरच्या जुरासिक काळात येथे साचलेल्या खडकांच्या थरांना त्यांनी 'कोटा' हेच नाव दिले आहे. प्राणहिता-गोदावरीच्या या खोऱ्यात सापडलेल्या एका प्रचंड डायनोसॉरला १९७५ साली 'बारापासॉरस टागोराय' असे नाव मिळाले. 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. ज्या शास्त्रज्ञांनी ते नाव दिले, त्यांत सोहनलाल जैन हे एक होते. दुसऱ्याचे नाव 'कोटासॉरस', आपल्या त्या कोटा खडकांवरूनच. त्याचा सांगाडा पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील यामनपल्लीस सापडला आणि आज तो हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. हे कळल्यावर मुलांनी हैदराबादचा दुसरा दिवस स्वतःच ठरवून टाकला.

तालमीचा व्यावहारिक उपयोगही झाला. वळणांच्या रस्त्यावर कोणाला मळमळते, कोण किती तास चालते, कोणाला दुपारची झोप चुकली की काय होते, हे सर्व कळले. मोठ्या नातीने एका वहीत त्याची नोंद केली, आणि पुढे खर्चाची वहीही तिच्याकडेच सोपवली. ज्या मुलीने दाराशी उभी राहून 'पुढच्या वर्षी' हे शब्द ऐकले होते, तिच्या हाती आता साऱ्या घराच्या सहलीचा हिशेब होता.

प्रवासासाठी गाडी भाड्याने घ्यावी असे प्रथम सर्वांचे मत होते. मी कागदावर दोन्ही हिशेब मांडले. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे, आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आहे. आमच्या तेरा जणांत या सवलतींत न बसणारे फार थोडे होते. एटापल्लीहून आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरीमार्गे बल्लारपूर गाठावे आणि तेथून रेल्वे धरावी, असे ठरले. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलास वेगळी जागा न घेतल्यास भाडे नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र बर्थ घेतल्यास २०१६ पासून पूर्ण भाडे पडते, न घेतल्यास निम्मे. ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, हे अनेकांच्या ध्यानात नसते. एकूण खर्च भाड्याच्या गाडीच्या निम्म्याच्या आत आला. सूरजागडच्या खनिज वाहतुकीच्या गर्दीआधी आलापल्ली ओलांडावी म्हणून पहाटेची गाडी धरली, एवढेच काय ते कष्ट.

दिवस निवडताना दुकानाचा विचार आधी. दिवाळीचा धंदा आटोपल्यावर, भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात गिऱ्हाईक कमी असते आणि शाळांना सुट्टी असते. थोरला पुतण्या व माझी सून दुकाने सांभाळायला मागे राहिली. पुढच्या खेपेस त्यांची पाळी पहिली, असे तेव्हाच ठरले. मंगळवार व बुधवार हे दिवस घेतले, कारण आठवड्याच्या मधल्या दिवशी उद्यानांत गर्दी कमी असते आणि पुष्कळदा दरही कमी असतो. प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असते, म्हणून तो वार टाळलाच होता. तिकीट उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावे. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या निम्म्या दराच्या दुव्यांवर पैसे भरू नयेत. छापील दरात वस्तू व सेवा कर धरला आहे की नाही, हेही पाहून घ्यावे.

आपल्या घरांत खरी अडचण येते ती भोजनाची. मोठ्या उद्यानांत बाहेरचे अन्न नेऊ देत नाहीत. आत कांदा-बटाटा नसलेले जेवण मिळते का, हे आम्ही दोनदा दूरध्वनी करून विचारले आणि सांगणाऱ्याचे नाव लिहून ठेवले. मुक्काम शहरातल्या एका जैन धर्मशाळेत होता. सकाळी तेथील भोजनशाळेत पोटभर जेवूनच मुले बाहेर पडली. खाकरे व चिवडा गाडीतल्या पिशवीत राहिला. नोव्हेंबरात हैदराबादला पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. वहिनींचा चौविहार सांभाळायचा तर साडेचारला परत फिरणे भाग होते. आम्हाला हे बंधन वाटले नाही. लहान मुलांची शक्तीही नेमकी तेव्हाच संपते. जुन्या नियमांत लेकरांची सोयही पाहिलेली असते, असे त्या दिवशी वाटून गेले. आणखी एक बारीक गोष्ट. पाण्याच्या खेळांत सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात आणि ते तेथे भाड्याने घेणे महाग पडते. आमच्या घरचे कापडाचे दुकान या कामी उपयोगी पडले.

मोठी दोघे उद्यानातून परतली ती भिजलेली, भुकेलेली आणि बोलून बोलून घसा बसलेली. लहान चौघांनी प्राणिसंग्रहालयात पांढरा वाघ पाहिला आणि छोट्या आगगाडीतून फेरी मारली. त्यांना आपण दुसरीकडे गेलो याची खंत मुळीच नव्हती. तीन वर्षांच्या नातवाला सर्वांत अधिक आवडली ती सिकंदराबाद स्टेशनवरची सरकती जिने. त्याचे तिकीट नव्हते.

दुसऱ्या दिवशी सर्व तेरा जण नौबत पहाडावर गेलो. कोटासॉरसचा तो नऊएक मीटरचा सांगाडा समोर आला तेव्हा मुले क्षणभर गप्प झाली. मोठ्या नातीने पाटीवरचे नाव मोठ्याने वाचले आणि लहानांना सांगितले, "हा आपल्या सिरोंच्याकडचा." तो वनस्पती खाणारा प्राणी होता हे कळताच वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातलाच की!" आसपासचे लोकही हसले. आदल्या दिवसाच्या उद्यानातील पाळण्यांच्या तुलनेत येथील प्रवेशमूल्य अगदीच किरकोळ होते. पण मुलांनी घरी गेल्यावर मागे राहिलेल्या थोरल्या काकांना प्रथम सांगितले ते याच प्राण्याविषयी. वडधमला दगडी बुंध्यावर हात फिरवला नसता, तर हा सांगाडा त्यांना केवळ हाडांचा ढीग वाटला असता.

नातीने वही मिटवण्याआधी शंभर रुपयांचे हिशेब केले. प्रवासावर चौतीस, मुक्काम व भोजनावर एकवीस, प्रवेशमूल्यावर एकोणतीस, किरकोळ सात, आणि शिल्लक नऊ. सहाही मुलांना मोठ्या उद्यानात नेले असते तर बरोबरच्या मोठ्यांची तिकिटे धरून शिल्लक राहिली नसतीच, उलट तूट आली असती.

ज्या वाचकांच्या घरी अशी मागणी झाली असेल, त्यांना माझे सांगणे थोडके आहे. मुलांची उंची मोजून मग उद्यान निवडावे. प्रवासाचा हिशेब सवलतींसह मांडावा. आपल्या तालुक्यात, जिल्ह्यात जे आहे ते आधी दाखवावे. त्याने पुढच्या दर्शनाला अर्थ येतो. खर्चाची वही मुलांच्या हाती द्यावी. आणि एकत्र कुटुंब असेल तर वर्षभर आधी खाते उघडून प्रत्येकाला त्याच्या ऐपतीने, न सांगता, भर घालू द्यावी. मुले पाळणा विसरतील, पण आपल्याला मागे ठेवून कोणी गेले नव्हते, हे विसरणार नाहीत.

शिल्लक नऊ टक्के वहिनींनी पुन्हा ठेवीत घातले आहेत. धाकटा पुतण्या पाकीट आता पहिल्या आठवड्याची वाट न पाहता एक तारखेलाच आणून देतो. त्यात किती असते, ते मी विचारलेले नाही.